व्यायाम करताना हृदयाचे ठोके किती असावेत? सुरक्षित आकडा नेमका कोणता?

टेकडीवाट (छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार मंडळी. माझे वय ५४ आहे. मधुमेह नाही, रक्तदाब सीमेवर असतो, पण त्यासाठी गोळी अद्याप सुरू झालेली नाही. पावसाळ्यापासून मी सकाळी गोगाबाबा टेकडी चढतो. मुलीने भेट दिलेले स्मार्टवॉच मनगटावर आल्यापासून, चढाच्या शेवटच्या टप्प्यात ठोके मिनिटाला १५२ ते १५८ पर्यंत जाताना दिसतात आणि घड्याळ थरथरून इशारा देते. त्या वेळी धाप लागलेली असते. मात्र छातीत दुखत नाही, चक्कर येत नाही आणि माथ्यावर जरा रेंगाळले की श्वास जागेवर येतो. सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या मोजली तर नाडी ७६ भरते.

सोबत फिरणाऱ्यांची मते दोन टोकांची आहेत. एकजण सांगतात की २२० मधून वय वजा करावे, म्हणजे माझे १६६ येतात आणि तेथवर निर्धास्त जावे. दुसऱ्यांचे म्हणणे असे की पन्नाशीनंतर १२० च्या वर ठोके जाऊच देऊ नयेत. या दोन आकड्यांत ४६ ठोक्यांचे अंतर आहे आणि माझी सगळी टेकडी त्या अंतरातच येते. जाणकारांनी आणि अनुभवींनी कृपया सविस्तर लिहावे.

परभणीकर

कमाल ठोक्यांच्या (२२० वजा वय, म्हणजे तुमच्या १६६ च्या) ५० ते ७० टक्के म्हणजे मध्यम व्यायाम आणि ७० ते ८५ टक्के म्हणजे जोराचा व्यायाम, असा अमेरिकन हार्ट असोसिएशनचा तक्ता आहे. तुमच्या वयाला मध्यम व्यायाम ८३ ते ११६ आणि जोराचा १४१ पर्यंत असा हिशेब येतो. १५५ म्हणजे ९३ टक्के झाले. माझ्या मते हे जास्त आहे, चढताना मध्ये थांबत जावे.

मैदान_बीड

मी पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींचा सराव घेतो. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. शेवटच्या फेरीत विशीतल्या मुलाचे ठोके १९० च्या पुढे जातातच आणि जायलाही हवेत, कारण त्याशिवाय वेळ कमी होत नाही. परभणीकर दादांचा तक्ता यांना लावला तर एकालाही पूर्ण गुण मिळणार नाहीत. घड्याळाने माणसाला भित्रे करू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. ज्याला त्रास होत नाही त्याने चढावे.

नाडी_लातूर

मी फिजिशियन आहे. येथे लिहितो आहे ते सर्वसाधारण माहिती म्हणून घ्यावे, तपासणीला पर्याय म्हणून नव्हे.

आधी २२० वजा वय या सूत्राबद्दल. १९७१ साली फॉक्स, नॉटन आणि हॅस्केल या अमेरिकी संशोधकांच्या लेखातून हे सूत्र प्रचारात आले. त्यासाठी स्वतंत्र प्रयोग झाला नव्हता. तोवर प्रसिद्ध झालेल्या निरनिराळ्या अभ्यासांतील आकडे एकत्र मांडून त्यातून काढलेली ती ढोबळ रेषा होती. पुढे २००१ मध्ये तानाका आणि सहकाऱ्यांनी ३५१ अभ्यासांतील १८,७१२ निरोगी व्यक्तींची माहिती एकत्र करून २०८ वजा वयाच्या ०.७ पट असे सूत्र दिले. त्याप्रमाणे टेकडीवाट यांची कमाल गती १७० येते. फरक चारच ठोक्यांचा दिसतो, पण खरा मुद्दा वेगळाच आहे. कोणतेही सूत्र घेतले तरी एकाच वयाच्या निरोगी माणसांत कमाल गती सरासरीच्या दोन्ही बाजूंना दहा-बारा ठोक्यांनी सहज सरकते आणि काहींत त्याहूनही जास्त. ५४ वर्षांच्या एका माणसाची खरी कमाल गती १५२ असू शकते आणि त्याच्याच वर्गमित्राची १८२. सगळ्या गावाला एकाच मापाचे जोडे देण्यासारखे ते आहे. पुष्कळांना बसतात, पण ज्याला चावतात त्याने पायाकडे पाहावे, मापाच्या आकड्याकडे नव्हे.

म्हणून १६६ ही धोक्याची रेषा नाही. निरोगी हृदयाने ती ओलांडली म्हणून काही बिघडत नाही. पण त्याच कारणाने ती अभयाची रेषाही नाही, हे टेकडीवर १६६ सांगणाऱ्या गृहस्थांनी ध्यानात घ्यावे. ज्याच्या हृदयधमनीत अडथळा आहे, त्याला ११० ठोक्यांवरही त्रास होऊ शकतो.

परभणीकर यांच्या गणिताविषयी. टक्के कशाचे काढले, हे आधी पाहावे लागते. फिनलंडच्या कार्व्होनेन यांनी १९५७ मध्ये दाखवलेली रीत अशी की कमाल गतीतून विश्रांतीची गती वजा करायची, उरलेल्या शिलकीचे टक्के काढायचे आणि त्यात विश्रांतीची गती पुन्हा मिळवायची. येथे १६६ वजा ७६ म्हणजे शिल्लक ९० झाली. तिचे ४० ते ५९ टक्के धरले तर मध्यम व्यायाम ११२ ते १२९ या पट्ट्यात बसतो आणि त्यापुढे जोराचा व्यायाम सुरू होतो. विश्रांतीची नाडी माणसागणिक वेगळी असते, तिचा विचार या रीतीत होतो, म्हणून ती मला अधिक पटते.

सावित्री_नांदेड

डॉक्टर, स्त्रियांसाठी वेगळे सूत्र आहे असे वाचले होते. ते खरे आहे का? माझे वय ४८ आहे. २२० च्या सूत्राने १७२ येतात, पण जोरात चालूनही मी १६० गाठल्याचे आठवत नाही.

नाडी_लातूर

होय, ताई. २०१० मध्ये मार्था गुलाटी आणि सहकाऱ्यांनी शिकागोतील स्त्रियांच्या अभ्यासावरून २०६ वजा वयाच्या ०.८८ पट असे सूत्र दिले. तुमच्या वयाला ते १६४ येते. जोरात चालताना कमाल गतीपर्यंत कुणी पोहोचत नसते, त्यामुळे १६० झाले नाहीत यात काहीच वावगे नाही.

मैदान_बीड यांचे विशीतल्या मुलांबद्दलचे निरीक्षण बरोबर आहे. मात्र 'ज्याला त्रास होत नाही त्याने चढावे' हे वाक्य मला अपुरे वाटते. धावता धावता शुद्ध हरपणे, धावताना छाती आवळून येणे, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेले असणे, यांपैकी काहीही असेल तर त्या मुलाला मैदानावर उतरवण्याआधी इसीजी आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्यावा. हृदयाचा स्नायू जन्मजात जाड होण्याचा एक विकार असतो. एरवी तो कळतही नाही आणि ऐन दौडीत घात करतो. 'उपाशीपोटी आला होता म्हणून पडला' असे म्हणून अशा मुलाला दुसऱ्या दिवशी पुन्हा धावायला लावू नये.

मैदान_बीड

हे मान्य आहे. नव्या तुकडीला पहिल्याच दिवशी हे प्रश्न विचारण्याची पद्धत आमच्याकडे आहे, आणि घरातील अकाली मृत्यूचा प्रश्न मुलांपेक्षा पालकांना विचारलेला बरा, कारण मुलांना पुष्कळदा ठाऊकच नसते. आणखी एक गोष्ट हल्ली वाढलेली दिसते. जिममधून आणलेली प्री-वर्कआउट पावडर घेऊन मुले धावायला येतात. तिच्यात बहुधा भरपूर कॅफीन असते. सराव सुरू होण्याआधीच नाडी शंभराच्या पुढे लागली, की त्या मुलाला मी त्या दिवशी नुसते चालायला लावतो. तंबाखूचेही तेच, निकोटिनने ठोके वाढतात.

सावित्री_नांदेड

आकडा निरुपयोगी नाही, हे सांगण्यासाठी माझ्या धाकट्या बहिणीचे उदाहरण देते. ती शिक्षिका आहे आणि तिचे वय चाळिशीच्या आतले आहे. शाळेचे दोन जिने चढले की तिचे ठोके १४० वर जात आणि वर्गात पोहोचल्यावर काही वेळ फळ्याला टेकून उभे राहावे लागे. वजन वाढले आहे, चालण्याची सवय राहिलेली नाही, असे घरचे सगळे म्हणत होते आणि तीही तेच धरून चालली होती. मी तिला माझे घड्याळ काही दिवस घालायला दिले. नुसते बसलेले असतानाही आकडा ९८-१०० च्या खाली येईना. मग रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ७.८ निघाले. मासिक रक्तस्राव जास्त होत असल्याने लोह पार कमी झाले होते. लोहाची गोळी आणि स्त्रीरोगतज्ज्ञांचे उपचार सुरू झाल्यावर त्याच जिन्यांवर तिचे ठोके ११५ च्या आसपास राहू लागले.

आपल्याकडे बायका धाप लागणे हे वयाचे किंवा वजनाचे म्हणून अंगावर काढतात. थोड्याशा श्रमाने ठोके फार वाढत असतील, तर व्यायाम कमी करण्याआधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यावे, अशी माझी सगळ्या जणींना कळकळीची विनंती आहे.

नाडी_लातूर

ताईंचा प्रतिसाद मी माझ्या रुग्णांना वाचायला देणार आहे.

बालाघाट

माझा प्रश्न उलट्या बाजूचा आहे. वडिलांचे वय ६८ असून अँजिओप्लास्टीनंतर त्यांना मेटोप्रोलॉल सुरू आहे. अंबाजोगाईला ते रोज संध्याकाळी चालायला जातात. कितीही झपझप चालले तरी ठोके १०५ च्या वर जात नाहीत. घड्याळाला १५२ ही कमाल गती धरून चालायची सवय, त्यामुळे ते रोज 'तुमचा व्यायाम हलका आहे' असे सांगते आणि वडील ईर्षेने आणखी जोर करतात. त्यांना कसे समजवावे?

नाडी_लातूर

हा फार महत्त्वाचा प्रश्न आहे. मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल, बिसोप्रोलॉल ही बीटा-ब्लॉकर गटातील औषधे ठोके मुद्दाम कमी ठेवण्यासाठीच दिलेली असतात. ती चालू असताना वयाच्या सूत्रावरून काढलेला कोणताही आकडा लागू होत नाही. घड्याळातील तो इशारा बंदच करून टाका, आणि ठोके वाढत नाहीत म्हणून गोळी मनाने बंद करू नका. गोळी अचानक सोडणे अधिक घातक असते.

अशा रुग्णांसाठी श्रमाची जाणीव हेच माप असते. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी ६ ते २० अशी मोजपट्टी तयार केली. तिच्यावर ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत आणि २० म्हणजे याहून जास्त शक्यच नाही. सहापासून सुरुवात होण्याचे कारण असे की निरोगी तरुणांत त्या अंकाची दहापट केली की ठोक्यांचा साधारण अंदाज येई. वडिलांनी ११ ते १४, म्हणजे 'हलके' ते 'थोडे कष्टाचे', या पट्ट्यात राहावे. आकडे नको असतील तर आणखी सोपी खूण आहे: चालताना सोबत्याशी पूर्ण वाक्ये बोलता यावीत, पण अभंग लावून म्हणायचा म्हटले तर दम पुरू नये. बोलताना दर दोन शब्दांनी श्वास घ्यावा लागत असेल, तर वेग कमी करावा.

बालाघाट

आभारी आहे. इशारा आजच बंद करतो. अभंगाची खूण वडिलांना लगेच पटेल, कारण एकादशीला ते भजनात असतात.

शेतशिवार (हिंगोली)

थोडे वेगळे विचारतो. आमच्याकडे सोयाबीन काढणीला किंवा हळद काढणीला माणूस दिवसभर राबतो. त्याचे ठोके कोण मोजतो? शेतात राबणाऱ्याला पुन्हा व्यायामाची गरज असते का? आणि उन्हात काम करताना ठोके किती वाढलेले चालतात?

परभणीकर

शेतशिवार भाऊंच्या प्रश्नाच्या शेवटच्या भागाबद्दल मला स्वतः पाहिलेले सांगता येईल. कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर मी पहाटे चालतो. डिसेंबरात ज्या वेगाला माझे ठोके ११० असतात, त्याच रस्त्यावर त्याच वेगाला मे महिन्यात सकाळी आठ वाजता ते १२५ च्या घरात जातात. रस्ता तोच, चप्पल-बूट तेच, वजनही तेच.

नाडी_लातूर

परभणीकरांचे निरीक्षण अगदी शास्त्राला धरून आहे. शरीर तापले की ते थंड करण्यासाठी रक्त त्वचेकडे वळवावे लागते आणि घामावाटे पाणी गेल्याने रक्ताचे आकारमानही घटते. प्रत्येक ठोक्याला कमी रक्त बाहेर पडते, म्हणून तेवढेच काम करायला जास्त ठोके लागतात. वेग तोच ठेवून तास-दीड तास श्रम चालू ठेवले तर ठोके सावकाश चढत जातात, ते यामुळेच. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. तेव्हा ठोके हे उष्णतेचेही मोजमाप असते.

शेतकऱ्यासाठी म्हणून मी आकडा देणार नाही. तहान लागण्याआधी पाणी, लिंबू-मीठ-साखरेचे सरबत किंवा ओआरएस, आणि दुपारी बारा ते चार सावली, हे पाळावे. थांबल्यावर, सावलीत बसूनही, दहा मिनिटांनी नाडी शंभराच्या खाली येत नसेल, डोके दुखत असेल, मळमळत असेल, तर त्या दिवसाचे काम थांबवावे. बोलणे असंबद्ध झाले किंवा भान हरपले, तर तो उष्माघात समजून अंगावर पाणी ओतत, वारा घालत दवाखाना गाठावा.

वेगळ्या व्यायामाच्या गरजेबद्दल: जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या शिफारशींत प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराचे श्रम सांगितले आहेत. त्यात शेतातले श्रमही धरले जातात. पण काढणीचे काम हंगामी असते. हंगाम संपल्यावर ट्रॅक्टर आणि मोटारसायकलीवरच सगळे होत असेल, तर चालणे हवेच.

तुळजापूर_पायी

उन्हाच्या विषयावरून एक सांगावेसे वाटते. कोजागरीला आमच्या भागातून शेकडो माणसे तुळजापूरला पायी जातात. वर्षभर चालण्याची सवय नसलेली माणसे एका दिवसात मोठा टप्पा गाठायला निघतात. त्यांतला कुणी थकून मटकन खाली बसला की सगळे त्याला तसेच बसू देतात, हे योग्य आहे का?

मैदान_बीड

भोवळ आलेली नसेल तर एकदम बसवू नये, असे आम्ही शिकवतो. पळताना किंवा भरभर चालताना पायांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. माणूस जागच्या जागी थबकला की रक्त पायांत साचते, दाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून पाच-सात मिनिटे सावकाश चालत ठोके खाली आणावेत. भोवळ आलीच असेल, तर मात्र आडवे करून पाय उंच ठेवावेत. सुरुवातीलाही तसेच: टेकडी असेल तर पायथ्याला दहा मिनिटे सपाटीवर चालून मग चढाला लागावे.

मनगटावर (जालना)

आतापर्यंत सगळ्यांनी घड्याळाचा आकडा खरा धरला आहे. मनगटावरचे घड्याळ हिरवा प्रकाश त्वचेवर टाकून रक्तप्रवाहातील चढउतार वाचते. पट्टा सैल असेल, घाम साचला असेल, किंवा मूठ आवळलेली असेल, तर ते चुकते. धावताना तर ते कधी कधी ठोक्यांऐवजी पावलांचा ताल पकडते आणि १६०-१७० असा आकडा दाखवते. छातीवर बांधायचा पट्टा हृदयाची विद्युत स्पंदने टिपतो, म्हणून तो जास्त भरवशाचा असतो.

पण पैसे खर्च करण्याआधी हाताने मोजून पाहा. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर तर्जनी आणि मधले बोट हलके टेकवायचे, १५ सेकंद ठोके मोजायचे आणि चारने गुणायचे. थांबल्या थांबल्या लगेच मोजावे, कारण पहिल्याच मिनिटात आकडा झपाट्याने उतरतो. मानेवर मोजायचे असेल तर एकाच बाजूला आणि न दाबता मोजावे.

टेकडीवाट (छत्रपती संभाजीनगर)

सर्वांचे मनापासून आभार. मनगटावर यांच्या सांगण्याप्रमाणे माथ्यावर पोहोचताच हाताने मोजले, १५ सेकंदांत ३८ भरले, म्हणजे १५२. घड्याळ त्या क्षणी १५४ दाखवत होते. एक मिनिट सावकाश चाललो तेव्हा १२६ झाले होते. डॉक्टरांना विचारायचे ते असे की हे उतरणे पुरेसे आहे का, आणि लक्षण काहीच नसताना मी टीएमटी (फिरत्या पट्ट्यावर चालवून केलेली हृदयाची चाचणी) करावी का?

नाडी_लातूर

उतरणे चांगले आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, श्रम थांबवून सावकाश चालताना पहिल्या मिनिटात १२ किंवा त्याहून कमी ठोके उतरणाऱ्यांत पुढील काही वर्षांतील मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले होते. तुमचे २६ ते २८ उतरले.

टीएमटीबद्दल. ज्याला काही लक्षण नाही आणि जो मध्यम वेगाने चालणार आहे, अशा प्रत्येकाला ती लागत नाही. तुमची बाब थोडी वेगळी आहे: वय पन्नाशीपुढचे, रक्तदाब सीमेवर आणि चढ जोराच्या व्यायामात मोडणारा. शिवाय आपल्या लोकांत हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा साधारण दहा वर्षे लवकर दिसतो. म्हणून तुमच्या डॉक्टरांना भेटून रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि इसीजी पाहावा आणि त्यांना गरज वाटली तर टीएमटी करावी. त्या चाचणीत दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढवत नेतात, त्यामुळे तुमचे हृदय १५० ला कसे वागते ते इसीजीवर डोळ्यांसमोर दिसते. मधुमेहींनी मात्र 'छातीत दुखत नाही' यावर विसंबू नये. त्यांच्यात वेदना न होताही हृदयाला रक्त कमी पडत असते. अकारण धाप, दरदरून घाम किंवा एकाएकी आलेला थकवा, एवढेच कळते.

तोवर चढ १३० च्या आसपास ठेवा, अडले की थांबा. ताप किंवा अंगदुखी असेल त्या दिवशी टेकडी नको.

टेकडीवाट (छत्रपती संभाजीनगर)

धागा वर काढतो आहे. तपासण्या झाल्या. टीएमटीत १६१ ठोक्यांपर्यंत गेलो, इसीजीत बदल आढळला नाही; रक्तदाब मात्र श्रमाला जरा जास्त चढतो, म्हणून मीठ कमी करून महिन्याभराने पुन्हा दाखवायला सांगितले आहे. चढ बंद करण्याची गरज नाही, बहुतेक वाट १३० च्या आत ठेवून शेवटचा टप्पा १४५ पर्यंत चालेल, असे आमच्या डॉक्टरांनी सांगितले. टेकडीवरच्या १६६ आणि १२० वाल्या दोघांनाही हा धागा पाठवला आहे. आता उन्हाळा तोंडावर आहे, तर हेच आकडे एप्रिल-मेमध्येही धरायचे का?

परभणीकर

आकडे तेच ठेवा आणि वेग कमी करा. मी मार्च संपता संपता घरून पाऊण तास लवकर निघतो आणि सोबत पाण्याची बाटली ठेवतो. पहिले आठ-दहा दिवस शरीराला उन्हाची सवय होईपर्यंत चढ अर्ध्यावरूनच उतरावा.